टूच्या पुढे मी जात नाही

माझी उभी हयात एका शब्दावर गेली, आणि गंमत म्हणजे तो शब्द ना माझ्या आईचा, ना बापाचा. इंग्रजांचा. 'टू'. मी माईकवाला. कळव्यात माझं साऊंडचं दुकान होतं, आता मुलगी आणि जावई बघतात. लग्न, हळद, जयंती, बारसं, सोसायटीची पूजा, नेत्याचं भाषण, नेता न आल्यामुळे दुसऱ्याच कुणीतरी ठोकलेलं भाषण, सगळीकडे कार्यक्रमाच्या आधी स्टेजवर येऊन "हॅलो, चेक, वन, टू... टू... टू..." करणारा जो एक माणूस असतो ना, तो मी. खाली खुर्च्यांवर लोक हसतात. "ह्याला तीन येत नाही वाटतं!" असं ओरडणारा एक तरी महाभाग प्रत्येक कार्यक्रमात असतोच, आणि प्रत्येकाला वाटतं की हा जोक जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. मीपण पहिल्यांदाच ऐकतोय असा हसतो. धंदा आहे, काय करणार!

घरी तर माझी पार वाट लावलीय. बायको विचारते, "चपात्या किती?" मी म्हणतो, "टू." ती स्वयंपाकघरातून ओरडते, "मागे ऐकू येत नाहीये, जरा वाढवा!"

पण एकदा डोंबिवलीत ह्याच टूवर एका बाईंचं सगळं अडलेलं. इनामदार बाई, कॉलेजात भाषा शिकवून रिटायर झालेल्या. बाई पुन्हा चार लोकांत बोलणार की कायमच्या गप्प बसणार, हे त्या दुपारी माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलेलं. तिथे पोचतोच, पण आधी टू म्हणजे काय भानगड आहे ते ऐका, नाहीतर मजा कळायची नाही.

मी हे काम शिकलो वागळे इस्टेटमध्ये, एका अँप्लिफायर रिपेअर करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. बाप तिथेच एका कंपनीत. त्यांना वाटायचं मी ऑफिसात टेबलावर बसावं. "एवढं शिकवला तो काय हॅलो हॅलो करायला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की साऊंडच्या मिक्सरवर त्याला वेगळं बटण द्यायला पाहिजे होतं. वर्कशॉपच्या मालकाने पहिल्याच दिवशी मला माईक दिला आणि म्हणाला, बोल. मी म्हटलं, काय बोलू? तो म्हणाला, "टू बोल. बाकी सगळं लोक बोलतील."

'वन' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि आवाज पोटातून येतो. स्पीकरचा मोठा बॉक्स नीट वाजतोय का, ते त्यात कळतं. 'टू'मध्ये मात्र दोन भाडेकरू राहतात. पुढच्या खोलीत ट, मागच्या खोलीत ऊ. ट बारीक आणि कडक, तो बॉक्सच्या वरच्या छोट्या भोंग्यातून येतो, ट्वीटर म्हणतात त्याला. ट्वीटर उडाला असेल तर ट गायब, नुसता ऊ येतो. आणि ऊ जरा लांबवला की हॉल कुठे घुमतो, माईक कुठे शिट्टी मारणार, सगळी चुगली आधीच होते. एवढ्याशा शब्दात आख्खी सिस्टीम तपासून होते राव! आता 'एक, दोन' म्हणून बघा. एकचा क घशात अडकतो, दोनचा न नाकात जातो. आपली भाषा गोड आहे, त्यात वाद नाही, पण भोंग्याला गोडाचं काय कौतुक?

मग थ्री का नाही? थ्री म्हणताना जीभ दातांत येते आणि माईकवर फूस्स करून वारा जातो. हे झालं शास्त्र. खरं कारण टिटवाळ्याचं लग्न.

आगरी घरातलं लग्न होतं, शेताच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिलेलं घर. मंडप एवढा मोठा की ह्या टोकाच्या पाहुण्याला त्या टोकाचा नवरदेव दिसेना. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, मुहूर्ताला अजून थोडा अवकाश, आणि तेवढ्यात गुरुजींचा कॉर्डलेस माईक मेला. मी धावत गेलेलो. सेल बदलला आणि तोंडाच्या सवयीने म्हटलं, "हॅलो, वन, टू, थ्री!"

थ्री जरा जास्तच खणखणीत गेला. मागून कुणीतरी अक्षता टाकल्या. एकाने टाकल्या म्हटल्यावर दुसरा कशाला थांबतोय? आख्खा मंडप सुटला! बँजोवाले दबा धरूनच बसलेले, त्यांनी दणका उडवला. मामाने अंतरपाट सोडला, नवरीने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला, टाळ्या पडल्या, आणि गुरुजी माझ्याकडे बघतायत, मी गुरुजींकडे बघतोय. मंगलाष्टक एकसुद्धा झालेलं नाही. लग्न लागलं.

नवरीचे काका तावातावाने स्टेजवर आले. "आरं ए माईकवाल्या! लगीन बामनानं लावाचा का तू?"

माझी तर बोबडी वळली. गुरुजी मात्र एक नंबर माणूस. घड्याळ बघून शांतपणे म्हणाले, "मुहूर्त आता लागतोय. हार काढा, अंतरपाट धरा. मघाशी झाली ती रंगीत तालीम." नवरी इतकी हसत होती की दुसऱ्यांदा हार घालताना तिचा नेम चुकून तो नवऱ्याच्या कानात अडकला. त्या घरची पुढची सगळी लग्नं माझ्याकडेच आली. काका दर वेळी गेटवरच अडवून दम भरायचे, "तू ये, जेव, वाजव. पन थ्री बोलाचा नाय!"

तेव्हापासून मी टूला ब्रेक मारतो. असो. आता डोंबिवली.

एका वाचनालयाचा मराठी भाषेचा कार्यक्रम होता, दुपारचा. आदल्या दिवशी मला फोन आला, इनामदार बाईंच्या मुलीचा, मेधाताईंचा. म्हणाल्या, "तुम्हीच ना साऊंडवाले? आईला ऐकू कमी येतं. फार कमी. कानातलं मशीन आहे, पण गर्दीत ते नुसतं खरखरतं, मग ती काढून ठेवते." मी म्हटलं, ताई, मी त्यांच्या खुर्चीजवळ वेगळा छोटा बॉक्स लावतो, काळजी नको. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. मागच्या कार्यक्रमात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही."

झालं होतं असं की भाषण छान झालं आणि नंतर कुणीतरी विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण कुठे झालं?" बाईंना ऐकू आलं, तुमचं लग्न कुठे झालं. बाईंनी आनंदाने सांगितलं, दादरला, आणि जिलबी फार सुरेख होती. हॉल फुटला हसून. बाईपण हसल्या, त्यांना वाटलं जिलबीला हसतायत. घरी गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून बाई कुठे गेल्या नाहीत. कुणी बोलवायला आलं की सांगायच्या, माझं बोलून संपलं.

"ह्या वेळी कशीबशी तयार झालीय," मेधाताई म्हणाल्या. "पण अट घातलीय. आधी खुर्चीत बसून तपासणार. प्रश्न ऐकू येणार नसतील, तर स्टेजवरून उतरून सरळ घरी. आणि मग पुन्हा कधीच नाही." मग म्हणाल्या, "घरी तरी काय हो, आमच्यात आता नुसतं ओरडणं उरलंय. जेव! औषध घे! दार लाव! गप्पा मारायला जावं तर शेजारी विचारतात, भांडण झालं का?"

फोन ठेवला आणि मला कसंतरीच झालं. माझं सगळं आयुष्य आवाज वाढवण्यात गेलेलं. पण ह्या बाईंना आवाज मोठा नको होता, स्पष्ट पाहिजे होता. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. आजकाल तर पोरं मोबाईलवरून खस्स असा आवाज सोडतात आणि स्क्रीनवर रेषा बघून साऊंड लावतात. चांगलाच लागतो, खोटं कशाला बोलू. पण माणसाचा आवाज माणसाच्या कानाला कसा पोचतो, हे तोंडाने म्हणून बघायची मजा त्यात नाही. वाईट वाटतं थोडं.

दुसऱ्या दिवशी मी हॉलवर लवकर पोचलेलो. बॉक्स लावले, माईक हातात घेतला, "हॅलो, वन..." म्हटलं आणि पाटणकर सर धावत आले. हे कार्यक्रमाचे संयोजक, खादीचा झब्बा, छातीवर बिल्ला. "अहो, अहो! मराठीचा कार्यक्रम आहे! वन टू काय लावलंय? मराठीत करा!"

म्हटलं, ठीक. तुमचा हॉल, तुमची भाषा. "एक... दोन... एक... दोन..." आता ट्वीटरचा पत्ता मला कसा लागणार? डोकं चालवलं. मराठीत काय ट कमी आहेत? "टोपी! टाकी! टिटवाळा! टिटवाळा! टिटवाळा!" टिटवाळा फर्स्ट क्लास शब्द आहे, आत ट दोनदा येतो. मी रंगात आलेलो, तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक आजोबा पिशवी घेऊन उठले. "लागली का टिटवाळ्याची बस?"

एवढ्यात बाई आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस, चालण्यात जोर. स्टेजवरच्या खुर्चीत बसल्या, मला हात जोडले आणि म्हणाल्या, "म्हणा काहीतरी." मी त्यांच्याजवळच्या छोट्या बॉक्समधून म्हटलं, "टिटवाळा."

"टिटवाळा," बाई लगेच म्हणाल्या. पाटणकर खूश. मेधाताई खूश. मी तर हवेत! पण बाईंनी मान हलवली. "हे चालणार नाही. मोठा शब्द मी अंदाजाने ओळखते, तसंच तर फसते. मला छोटा शब्द द्या. असा, की ज्याला अंदाजच करता येणार नाही."

मी पाटणकरांकडे बघितलं. पाटणकरांनी छताकडे बघितलं. मी म्हटलं, "टू."

"ऊ," बाई म्हणाल्या.

"टू."

"तुम्ही ऊ म्हणताय."

"नाही बाई, टू. टू!"

"मग ट कुठाय?" बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. हात पर्सकडे गेलेला. मेधाताई खाली उभ्या होत्या, त्यांचा चेहरा एवढासा झालेला.

मला घाम फुटला. वय झालं की कान आधी बारीक आवाज सोडतो. ट, त, स, श ही मंडळी पहिली जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण अक्षरांची टोकं झिजलेली. मी बॉक्सचा बारीक आवाज वाढवला. माईकने शिट्टी मारली, कुईईई! हॉलमधल्या सगळ्यांनी कानावर हात ठेवले. शिट्टी का येते, तर बॉक्समधून आलेला आवाज माईक परत ऐकतो आणि परत बोलतो, परत ऐकतो, परत बोलतो. काही नातेवाईक असतात तसे. त्यांना एकमेकांसमोर बसवायचंच नाही, हाच उपाय. मी बॉक्स उचलून बाईंच्या पाठीमागे कानाच्या उंचीला ठेवला, माईकची पाठ त्याच्याकडे केली, हॉलचे बॉक्स पुढे सरकवले. आणि मग एकदम सुचलं, अरे, ट वाढवण्यापेक्षा ऊ कमी कर ना गाढवा! ऊ एवढा ऐसपैस पसरून बसलाय की ट बिचारा दारातच उभा. ऊ खाली खाली आणला. खुर्च्या भरत आलेल्या, पाटणकर घड्याळ दाखवत होते.

"टू," मी म्हटलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"टू."

बाईंनी डोळे मिटले. हात अजून पर्सवरच. मी आणखी हळू, अगदी घरात बोलतो तसा म्हटलं, "टू."

"आला!" बाईंनी खुर्चीच्या हातावर दणका मारला. "आला, आला! अगं मेधा, ट आला! परत म्हणा!"

"टू!"

"टू!" बाई ओरडल्या.

"टू!" खालून ते टिटवाळ्याचे आजोबा ओरडले, काही न कळता. सगळा हॉल हसायला लागला आणि मी स्टेजच्या कडेला उभा राहून येड्यासारखा टू, टू करत राहिलो. माझ्या धंद्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता, खरंच सांगतो.

बाईंचं भाषण दुसऱ्याच विषयावर ठरलेलं. त्यांनी कागद सरळ पर्समध्ये कोंबले. "पाटणकर, तुमची माफी मागून मी आज टूवर बोलणार. मराठीच्या कार्यक्रमात तुम्हाला तो परका वाटेल, पण तसं नाही. तो आपला चुलत भाऊ आहे."

आणि काय बोलल्या महाराज! टूच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू असतो, मुका, बोलत नाही. शाळेत मी त्या डब्ल्यूपायी छड्या खाल्ल्यात. बाई म्हणाल्या, तो उगीच नाही बसलेला, तो म्हणजे आपल्या संस्कृतातल्या 'द्वि'चा व. फार जुन्या काळी दोन्हीकडचं घर एकच होतं. "मग वाटणी झाली," बाई म्हणाल्या, "घराघरांत जमिनीची होते तशी. मराठीत 'दोन'ने द घेतला आणि व सोडून दिला. 'बे'ने व घेतला, त्याचा ब केला आणि द सोडून दिला. म्हणून बे एके बे. म्हणून बारा, बावीस, बत्तीस, बावन्न. सगळ्यांत तोच ब. इंग्रजांनी दोन्ही ठेवले, द चा ट केला, पण टूमधल्या डब्ल्यूला झोपवून टाकला. ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन म्हणा, लगेच जागा होतो बघा!"

आख्खा हॉल ट्विन, ट्वेंटी करायला लागला. मी मिक्सरवर पुटपुटतोय, बे, बारा, बावीस. अंगावर काटा आला माझ्या. ज्या शब्दावर पोट भरलं, तो घरचाच निघाला!

"आणि भाऊबीज," बाई म्हणाल्या. "बीज म्हणजे द्वितीया. म्हणजे भाऊबीजेच्या बी मध्ये आणि ह्यांच्या टूमध्ये एकच रक्त."

मग लोकांनाच जोर चढला. टू व्हीलर, टू बीएचके, टू इन वन. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या बिल्डिंगमध्ये टूबी फ्लॅटवाल्यांची सगळी पार्सलं थ्रीबीवाले घेतात. कुणीतरी 'नंबर टूला जाणं' काढलं आणि पाटणकर म्हणाले, "हे नको!" एक तरुण म्हणाला, उडप्याकडे वन बाय टू सूप मागवून त्याचं लग्न जमलं, आणि आता ती अख्खं पिते.

पण हे सगळं गलक्यात चाललेलं, बाई हसत होत्या, त्यांना किती पोचत होतं देव जाणे. खरी परीक्षा पुढे होती. प्रश्न. मी कॉर्डलेस घेऊन स्वतः खाली उतरलो आणि घोषणा केली, "ज्यांना विचारायचंय, त्यांनी आधी टू म्हणायचं. बाईंना ऐकू आला, की पुढे बोलायचं."

आणि लोक म्हणाले! शाळेतल्या पोरांसारखे उभे राहून, "टू. बाई, माझा प्रश्न असा..." बाई आतुरतेने पुढे वाकायच्या, "आला, बोला!" एका प्रश्नाला त्यांचं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्याला आलं. मी प्रत्येक वेळी श्वास धरून उभा. मग पाटणकर सरांनी माईक मागितला. मी माईक त्यांच्या तोंडासमोर धरला आणि सोडेचना. सगळा हॉल त्यांच्याकडे बघतोय. बिल्ल्यावर हात ठेवून, कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून ते म्हणाले, "टू." अशा टाळ्या त्या हॉलमध्ये कधी पडल्या नसतील. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण कुठे झालं?"

मेधाताईंनी माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, ह्या माणसाला आत्ताच हा प्रश्न कुठून सुचला!

"शिक्षण पुण्याला," बाई म्हणाल्या. "लग्न दादरला. जिलबी दादरची."

हॉल परत फुटला हसून, पण ह्या वेळी सगळ्यात आधी बाई हसलेल्या.

हॉलवाला दारात येऊन वेळ संपल्याची खूण करत होता. मी माईक आवरायला वळलो तर मेधाताईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मी म्हटलं, ताई, टू म्हणा. त्यांनी म्हटलं, अगदी हळू. मी आवाज वाढवायला मिक्सरकडे जाणार होतो, पण म्हटलं, राहू दे. मग त्या बोलल्या, ओरडून नाही, शेजारी बसून बोलावं तशा. "आई, दमलीस का गं? घरी जाऊया?"

बाई खुर्चीत पुढे वाकल्या.

"दमले नाही मी," त्या म्हणाल्या. "पण तुझा आवाज असा काय येतोय? रडतेयस का तू?"

 मेधाताई नुसती मान हलवून नाही नाही म्हणत हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मग बस खाली," बाई म्हणाल्या. "अजून टू प्रश्न घेणार मी."